आमच्या लेकीची पट्टी

मार्केट यार्डात गाळा असलेल्या घरातली मुलं 'पट्टी' हा शब्द फार लवकर शिकतात. शेतकऱ्याचा माल विकला की आडत्या त्याला हिशेबाचा जो कागद देतो ती पट्टी. जाळ्या किती आल्या, भाव काय निघाला, हमाली किती, तोलाई किती आणि शेवटी हातात काय राहिलं, सगळं त्या एका कागदावर. आमचं घर जुन्या नाशकात बागवानपुऱ्यात, गाळा पेठ रोडच्या यार्डात, धंदा फळांचा. अशा पट्ट्या आम्ही हजारोंनी लिहिल्या असतील. पण २०२५ मध्ये रमजान ईदच्या तीन दिवस आधी आमच्या मोठ्या मुलीने लॅपटॉप पुढे सरकवला आणि म्हणाली, "अब्बा, ही माझी पट्टी. वाचून बघा." तेव्हा चष्मा शोधण्यात आमची पाच मिनिटं गेली, आणि चष्मा डोक्यावरच होता.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं, तिचे आई-वडील. हा मजकूर एकाने सांगितला आहे आणि दुसरीने जागोजागी दुरुस्त केला आहे, म्हणून 'आम्ही'.

मुलगी २०२२ मध्ये कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. पुण्याच्या नोकरीचं पत्र हातात होतं. ते बाजूला ठेवून ती म्हणाली, मला गेम बनवायचा आहे. चित्रं मालेगावचा मामेभाऊ काढणार, बाकी सगळं मी करणार. घरात शांतता पसरली. आमच्या मोहल्ल्यात 'गेम' हा शब्द चांगल्या बातमीसोबत येत नाही. मोबाइलवर रमी खेळून एका ओळखीच्या पोराने अम्मीच्या बांगड्या घालवल्या, ती गोष्ट तेव्हा ताजी होती. पैसे लावून खेळायच्या अशा गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला तो अलीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये. त्या वेळी तर टीव्हीवर त्यांच्या जाहिराती धडाक्यात चालू होत्या. तिच्या मोठ्या चाचांनी एका वाक्यात निकाल दिला, "जुगाराचं दुकान घरात नको."

आम्ही तिला तीन प्रश्न विचारले. पैसे लावायचे आहेत का? नाही. गोळीबार आहे का? नाही. मग आहे तरी काय?

तिने सांगितलं. रमजानची रात्र आहे, जुन्या नाशकाच्या गल्ल्या आहेत आणि एक म्हातारा सहेरीला लोकांना जागवत हिंडतो आहे. खेळणाऱ्याने त्याला चालवायचं. कुठल्या दारावर तीन थापा मारायच्या, कुठे बाळ नुकतंच झोपलंय म्हणून नुसता कडीचा आवाज करायचा, कुठे आजारी माणूस आहे म्हणून गुपचूप पुढे जायचं, हे ओळखत फजरची अजान होईपर्यंत मोहल्ला उठवायचा. नंबर नाहीत, हारजीत नाही. असा जागवणारा आमच्या लहानपणी खरोखर यायचा आणि त्याच्या गोष्टी तिने आमच्याकडूनच ऐकलेल्या होत्या. आम्ही काही बोललो नाही. पण त्या रात्री दोघांनाही झोप उशिरा लागली.

मुदत ठरली. २०२५ च्या ईदपर्यंत जे करायचं ते कर. नंतर पुणे, नाहीतर आलेल्या रिश्त्यांचा विचार. मधल्या काळात कोणी पाहुणे येऊन "मुलगी काय करते?" विचारायचे, तेव्हा आम्ही "कॉम्प्युटरचं काम" म्हणून चहा पुढे करायचो. ही गोष्ट तिला लागायची, हे आता कळतं.

हात बसावा म्हणून तिने आधी एक छोटा गेम केला, द्राक्षांचे घड क्रेटमध्ये बसवण्याचा. तो मोबाइलवर, गुगल प्लेच्या दुकानात ठेवायचा होता. तिथली नोंदणी २५ डॉलरची, एकदाच भरायची. पण तेव्हाचा नियम असा की नव्या माणसाने गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी २० जणांनी सलग १४ दिवस त्याच्या चाचणीत राहायला हवं. (पुढे २० चे १२ केले.) आमच्या खानदानात २० माणसं म्हणजे एका दस्तरखानाची बाब. सिडकोच्या फुफी, मालेगावचे मामू, गाळ्यावरचे दोन हमाल, सगळे कामाला लागले. नवव्या दिवशी देवळालीच्या खालूंनी काहीतरी दाबलं आणि ते चाचणीतून बाहेर पडले. माणसं झाली १९, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खालू आजही दावत असली की हा विषय निघायच्या आत हात धुवायला उठतात.

गेम दुकानात लागला, पण तो फुकटचा. फुकटच्या गेमची कमाई मध्ये येणाऱ्या जाहिरातींवर, आणि तिने त्या लावल्या तर चौथ्याच दिवशी द्राक्षांच्या घडांमध्ये रमीची जाहिरात. तशा जाहिराती बंद करता येतात, तिने त्या केल्याही. पण आमचं मन काही त्यात रमेना. गिऱ्हाइकाने आमच्या मालाचे पैसे द्यावेत आणि घेऊन जावा, एवढा सरळ धंदा आम्हाला कळतो. ती म्हणाली, तसलंही दुकान आहे, फक्त त्यासाठी पुरा, भरलेला गेम लागतो.

तेव्हापासून आम्ही दुकानांची माहिती घ्यायला लागलो. ती सांगत होती आणि आमच्या डोक्यात यार्ड उभं राहत होतं.

सगळ्यांत मोठं दुकान स्टीम. व्हॉल्व्ह नावाच्या अमेरिकन कंपनीने ते २००३ मध्ये सुरू केलं. पूर्वी तिथे माल लावायचा तर कंपनीने निवडावं लागे, मग काही वर्षं लोकांच्या मतांवर ठरे. २०१७ पासून दार उघडं आहे. एका गेमचे १०० डॉलर भरा, कागदपत्रं द्या, माल चालतो की नाही ते तपासून घेतील आणि लावतील. गेमची विक्री १००० डॉलरवर गेली की ते १०० परत. "म्हणजे गाळ्याची अनामत," आम्ही म्हणालो. विक्रीतले ३० टक्के दुकानाचे. इथे मात्र आम्ही उडालोच. शेकडा ३०? आमची आडत दोन्ही हातांच्या बोटांत मावते, तरी लोक आम्हाला लुटारू म्हणतात! २०१६ मध्ये सरकारने फळं-भाज्यांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवलं, तेव्हा बाजार बंद पडले होते. आणि गंमत पुढेच आहे. एक कोटी डॉलरच्या वर विकणाऱ्याला हा कट २५ टक्के, पाच कोटींच्या वर २०. ज्याच्याकडे जास्त, त्याला सूट. छोट्याने पूर्ण मोजायचे. व्यापारात हे चालतं, आमच्याकडेही चालतं. पण दुकानं छोट्यांना हात देतात असं कोणी म्हणालं, तर हा आकडा आम्ही आधी पुढे ठेवतो.

एपिक नावाचं दुसरं दुकान २०१८ मध्ये आलं, ते १२ टक्केच घ्यायचं. आता जून २०२५ पासून तर प्रत्येक गेमच्या वर्षाला पहिल्या दहा लाख डॉलरवर काहीच घेत नाही. आम्ही म्हणालो, मग तिकडेच जा की. तिने उलट विचारलं, "अब्बा, तुमच्या शेजारच्या गाळ्याने उद्या आडत शून्य केली, पण बोलीला चारच माणसं उभी राहिली, तर शेतकरी कुठे उतरेल?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. तीस वर्षं हेच आम्ही शेतकऱ्यांना सांगत आलो होतो.

तिसरं दुकान ऐकून मात्र आम्ही दोघंही थांबलो. इच डॉट आयओ, २०१३ मध्ये सुरू झालेलं. तिथे दुकानाला किती द्यायचं ते माल आणणारा ठरवतो. दहा टक्के हा नेहमीचा आकडा, पण शून्यही ठेवता येतो. शेतकऱ्याने आडत ठरवायची! तिथे फार पैसा नसतो, पण दुसरीकडे ज्याला कोणी विचारणार नाही असा माल तिथे लागतो. आमच्या गाळ्यावरून जाणारा पेठ रोड पुढे पेठ ओलांडून गुजरातेत उतरतो. त्याच बाजूला, वापीजवळच्या चला या गावात, स्टुडिओ ओलिओमिंगस म्हणून एक छोटा स्टुडिओ आहे. त्यांच्या २०२० च्या एका गेममध्ये नायक नगरपालिकेचा नोकर आहे आणि त्याचं काम इमारती खाऊन टाकणं हे आहे. इमारत संपली की तिचा इतिहासही गेला. असला गेम कोणता व्यापारी उचलेल? तो इचवर आहे आणि जगभरचे लोक त्यावर लिहितात. तो बघून आम्ही बराच वेळ गप्प होतो. आपल्या घरात इमारत पाडण्याच्या गोष्टी कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

पुण्याचं उदाहरण तिने जरा दबकत सांगितलं. नॉडिंग हेड्स या स्टुडिओने 'राजी' नावाचा मोठा गेम केला. २०१७ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, एका संस्थापकाने फ्लॅट विकला, आणि २०२० मध्ये गेम बाहेर आला तो जगभर गाजला. आम्ही ऐकलं ते फ्लॅटचं. तिने लगेच पाणी आणून दिलं.

मामेभाऊ मालेगावचा आहे म्हणून आणखी एक गोष्ट आमच्या मनात यायची. नासिर शेख यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' केला, यंत्रमागाच्या गावातल्या साध्या माणसांना घेऊन. गावात तो धो धो चालला, कारण दाखवायला त्यांचं स्वतःचं व्हिडिओ पार्लर होतं. २०२५ मध्ये त्यांच्यावर हिंदी सिनेमाही आला. पण त्यांचा माल गावापलीकडे न्यायला दुकानच नव्हतं. मनमाडच्या पुढे तो सिनेमा विकत घेणार कुठून? हुन्नर आमच्या जिल्ह्यात कधीच कमी नव्हतं. कमी पडली ती बाजारपेठ. मुलीच्या बाबतीत ती दहा बाय दहाच्या खोलीत येऊन बसली होती. आणि तू कोणाची, कुठल्या मोहल्ल्यातली, कोणाच्या ओळखीने आलीस, हे तिथे कोणी विचारत नव्हतं.

विचारत होते ते बँकेचं. खातं आणि नोंदणीवरचं नाव अक्षराला अक्षर जुळायला हवं. आमच्याकडे आधारवर एक स्पेलिंग, मार्कशीटवर दुसरं. ते सरळ करण्यात दोन महिने गेले. अमेरिकेत होणाऱ्या विक्रीवर तिथला कर कापतात. भारत-अमेरिका करारामुळे तो ३० ऐवजी १५ टक्के होतो, त्यासाठी पॅन क्रमांकासह फॉर्म भरावा लागतो. मग बँकेत, कुठल्या ते सांगत नाही, परदेशातून येणारे पैसे कशाचे म्हणून विचारलं. "गेमचे," म्हटल्यावर त्या साहेबांनी आमच्याकडे असं पाहिलं की आम्हालाच खिसे तपासावेसे वाटले. ती शांतपणे म्हणाली, "सॉफ्टवेअरची निर्यात. कोड लिहा, मी सांगते." आणि तिने तो सांगितला.

पहिल्या गेमला पैसे भरल्यावर महिनाभर थांबावं लागतं आणि 'लवकरच येत आहे' अशी पाटी निदान दोन आठवडे लावावी लागते. तिने ती पाटी आठ महिने आधी लावली. पाटी पाहून ज्याला आवडेल तो गेमवर खूण करून ठेवतो आणि माल आला की दुकान त्याला स्वतः चिठ्ठी पाठवतं. दुकानाची खरी मदत कुठली विचाराल तर आम्ही या चिठ्ठीकडे बोट दाखवू. सप्टेंबरपर्यंत अशा खुणा झाल्या तीनशे, त्यातल्या चाळीस आमच्या नातेवाइकांच्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टीमचा नमुन्यांचा मेळा झाला. वर्षातून तीनदा होतो, पण एका गेमला एकदाच जाता येतं. आठवडाभर लोक नमुना फुकट खेळून बघतात. खुणा सतराशेवर गेल्या. आम्ही मिठाई आणली. ती म्हणाली, "अम्मी, थांब. या वर्षी या दुकानात हजारो नवीन गेम आले आहेत." हजारो! दार उघडं असण्याची ही दुसरी बाजू. यार्डाचं फाटक सगळ्यांना खुलं, पण तुझ्या ढिगापाशी गिऱ्हाईक उभं राहील याची हमी कोणी देत नाही. मिठाई तरी खाल्ली.

एक गोष्ट आम्हाला आजही खुपते. याच दुकानात, दोन पानं पलीकडे, अशा वस्तू आहेत ज्यांची नावंही या मासिकात छापता येणार नाहीत. तसलं दिसू नये अशी सोय खात्यात आहे आणि ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांनी ती आधी बघून घ्यावी. पण बाजार तोच. मुलगी म्हणते, यार्डाच्या रस्त्यावर दारूचं दुकान आहे म्हणून तुम्ही गाळा सोडला नाहीत. खरं आहे. तरी खुपतं.

२१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. रमजान नऊ-दहा दिवसांवर. इशाची नमाज झाल्यावर मालेगावहून भाऊही आला आणि तिने बटन दाबलं. काही झालं नाही. म्हणजे आवाज नाही, लिलाव नाही, हातावर हात नाही. आमच्या धंद्यात माल विकला गेला की कळतं. इथे पंधरा मिनिटं पडद्याकडे बघत बसलो, मग एक आकडा १ झाला. भावाने खोलीतच सिजदा केला.

पहिल्या आठ दिवसांत १६३ विकले गेले आणि १९ परत आले. या परतीने ती रडली. नियम असा की घेतल्यापासून १४ दिवसांत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर गेम परत करून पैसे घेता येतात. तिचा गेम दीड तासात संपतो. म्हणजे पूर्ण खेळून, मोहल्ला उठवून, अजान ऐकूनही कोणी परत करू शकतो. यावर आमच्यात आजही दोन मतं आहेत. गाळा बघणारा म्हणतो, चाखून बघू दिल्याशिवाय गिऱ्हाईक पाटीला हात लावत नाही; त्या भरवशावरच अनोळखी माणसं अनोळखी पोरीचा माल घेतात. घर बघणारी म्हणते, एक द्राक्ष चाखणं वेगळं आणि अख्खा घड खाऊन देठ परत देणं वेगळं.

दहा खरेदीदारांचं मत आल्याशिवाय गेमसमोर लोकांचा कौल दिसत नाही. आठवर गाडी अडली. चाचा, तेच ते जुगारवाले, म्हणाले, आपल्यातल्या दोघांना घ्यायला लावू आणि लिहायला लावू. मुलगी म्हणाली, "चाचाजान, लिलावात आपलाच माणूस उभा करून खोटी बोली लावायला हदीसमध्ये मनाई आहे, तुम्हीच शिकवलंत." चाचा बराच वेळ दाढी कुरवाळत होते. दोन दिवसांनी नववं आणि दहावं आलं, दोन्ही तुर्कस्तानातून. तिथे रमजानमध्ये ढोल वाजवून लोकांना जागवतात. एकाने लिहिलं होतं की आमच्या गल्लीतला ढोलवाला मागच्या वर्षी वारला. दुसऱ्याने विचारलं होतं, हे तुर्की भाषेत मी करून दिलं तर चालेल का?

तर ती पट्टी. फेब्रुवारीचे ते आठ दिवस. एकूण विक्री, वजा परत गेलेले, वजा दुकानाचे तीस टक्के, वजा अमेरिकेचा कर. बँकेने आपली हमाली कापून खात्यात पडले सुमारे २८ हजार. त्यातले निम्मे मालेगावला गेले. आजवर नऊशेच्या आसपास प्रती गेल्या असतील, अनामतीचे १०० डॉलरही परत आले, आणि दोघांच्या हाती मिळून पावणेदोन लाख. जवळजवळ तीन वर्षांच्या कामाचे. आमचा हमाल यापेक्षा किती तरी जास्त कमावतो. धाकटा मुलगा सांगतो की एका अमेरिकन माणसाने एकट्याने चार-साडेचार वर्षं बसून शेतीचा गेम केला आणि २०२४ अखेर त्याच्या चार कोटींवर प्रती गेल्या. असेल. एका द्राक्षबागेला सोन्याचा भाव मिळाला म्हणून सगळा तालुका द्राक्षं लावतो, पुढचं आम्ही पाहिलेलं आहे.

तिच्या टेबलावर मात्र फोटो दुसऱ्याच माणसाचा आहे. नाब्लुसचे रशीद अबू ईदा. सुक्यामेव्याचं दुकान चालवणारे पॅलेस्टिनी. गाझातल्या एका छोट्या मुलीवर त्यांनी 'लैला' हा गेम केला. २०१६ मध्ये ॲपलच्या दुकानाने सांगितलं, हा गेम नव्हे, बातम्यांच्या खणात ठेवा. जगभरातून ओरड झाली तेव्हा काही दिवसांत तो गेम म्हणून घेतला. दुसऱ्या गेमसाठी त्यांनी २०२४ च्या शेवटी मुस्लिम समाजातल्या लाँचगुड या वर्गणीच्या मंचावर हात पसरला, कारण नेहमीचे मंच तिथून चालत नाहीत. लोकांनी दोन लाख डॉलरहून जास्त दिले. आमच्या घरातूनही थोडे गेले.

ईद झाली, मुदत संपली. आम्ही विषय काढला नाही, तिनेच काढला. पुण्याला गेली नाही. गंगापूर रोडला अर्ध्या दिवसाची नोकरी धरली आहे, दुपारनंतर आपलं काम. रिश्ते येतात. परवाचे पाहुणे विचारते झाले, मुलगी काय करते? आम्ही दोघं एकदम म्हणालो, "गेम बनवते," आणि मग कसला गेम ते चहा गार होईपर्यंत सांगत बसलो. त्यांचा निरोप अजून आलेला नाही.

नवा गेम मार्केट यार्डातल्या लिलावाचा आहे. पहाटे पाचला ती माइक घेऊन गाळ्यावर येते. काल आमच्यापैकी एकाला तिने तीच बोली चार वेळा ओरडायला लावली, कारण दर वेळी मागून टेम्पोचा हॉर्न येत होता.